कपाटाखालचा घोडा

आमच्या नाणेसंग्राहक मंडळात एखाद्याने नवं नाणं आणून टेबलावर ठेवलं, की ते कोणत्या सालचं, कोणत्या टांकसाळीचं, हे कोणी विचारत नाही. तेवढं सगळ्यांना पाठ असतं. पहिला प्रश्न येतो तो, "कितीला पडलं?" उत्तराचा आकडा जितका लहान, तितका तो माणूस आमच्यात मोठा.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांनी एक चांदीचं नाणं बटणांच्या डब्यात पाहिलं आणि डबा बटणांच्या भावाने घेतला. दंतवैद्यांना एका रोग्याने फीऐवजी खिशातली मोड दिली, त्यात शंभर वर्षांपूर्वीचं तांब्याचं निघालं. औषधाच्या दुकानदाराने तर खोकल्याच्या सहा गोळ्या देऊन असं काही मिळवलंय, की त्याचं नाव निघालं तरी पोस्टमास्तर क्षणभर डोळे मिटतात. या सगळ्या गोष्टी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सांगितल्या जातात आणि आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारख्या ऐकतो.

माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. अकरा वर्षांत मी घेतलेलं प्रत्येक नाणं रीतसर दुकानातून, रीतसर किमतीला घेतलेलं. मी पावती दाखवली की मंडळी नजर दुसरीकडे वळवायची. एखाद्याच्या घरातलं दुखणं नको तेव्हा निघावं, तसं. दंतवैद्य एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. होतं कधी कधी." अकरा वर्षं होत होतं.

पोस्टमास्तरांचं या विषयावर एक तत्त्वज्ञान आहे. जे हवंय त्याच्याकडे बघायचं नाही. शेजारच्या वस्तूकडे बघायचं, भाव तिचा करायचा, आणि हवी ती वस्तू 'असू द्या, हेही असू द्या' म्हणत खिशात टाकायची. ऐकायला सोपं वाटतं. शेजारची वस्तू कोणती असावी, याबद्दल मात्र ते कधी बोलले नव्हते.

त्या शनिवारी बायकोने मला पडद्याचं कापड आणायला पाठवलं होतं. पुढच्या खोलीच्या खिडक्यांना चार महिने पडदे नव्हते आणि समोरच्या इमारतीतली माणसं आता आमच्याकडे बघून हातही करू लागली होती. पैसे मोजून, मापं कागदावर लिहून, रंगाचा तुकडा सोबत देऊन तिने मला पाठवलं. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर भिंगातून बघायचं आणि 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. त्यामुळे तिच्या सूचना नेमक्या असतात आणि त्यांत 'साधारण' हा शब्द नसतो.

कापडाच्या दुकानाआधी जुन्या सामानाचं एक दुकान लागतं. मी सहज आत शिरलो. माझ्या हातून मापांचा कागद पडला, तो उचलायला मी वाकलो, आणि माझं नशीब फिरलं.

समोर काळ्या लाकडाचं एक कपाट होतं. त्याच्या पुढच्या डाव्या पायाखाली, जमीन वाकडी म्हणून, कोणीतरी एक नाणं सरकवलेलं होतं. अर्धं पायाखाली, अर्धं बाहेर. बाहेरच्या अर्ध्या भागावर घोड्याची मागची बाजू होती आणि त्या घोड्याला शेपूट नव्हती.

नाण्यांचा नाद नसलेल्यांसाठी सांगतो. घोड्याचं नाणं अगदी सामान्य. कोणाच्याही आजीच्या पेटीत चार सापडतील. पण एका वर्षी टांकसाळीतल्या साच्यात कसला तरी कचरा अडकला आणि अर्धा दिवस घोडे बिनशेपटीचे निघत राहिले. कोणाच्या लक्षात येईपर्यंत चारेकशे निघाले होते. आमच्या मंडळात ते सगळ्यांनी फक्त चित्रात पाहिलेलं. त्या पायाखालून घोड्याचं तोंड बाहेर आलेलं असतं, तर मी उठून पडदे घेतले असते आणि आज सुखात असतो.

दुकानदार रद्दीत आलेलं चार वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र वाचत बसले होते. पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे असेल, त्यांचा चेहरा फार शांत होता. मी नाण्याकडे बघायचं टाळलं. टाळून बघायला समोर दुसरं काही नव्हतं. मी कपाटाकडे बघत राहिलो.

"आवडलं?" दुकानदारांनी पान उलटत विचारलं.

"कपाट चांगलं आहे," मी म्हणालो.

"चांगलं नाही. मोठं आहे."

"जरा सरकवून बघता येईल?"

"सरकवायला चार माणसं लागतात, साहेब. घेणार असाल तर बोलावतो."

आता मागे वळून बघताना वाटतं, 'त्या पायाखालचं नाणं देता का' असं सरळ विचारलं असतं, तर त्या माणसाने पायाखाली पुठ्ठा घालून ते दिलं असतं. पण अकरा वर्षं मंडळात काढलेल्या माणसाला सरळ प्रश्न सुचत नाहीत. मी कपाटाची किंमत विचारली. त्यांनी सांगितली. मी तत्त्वज्ञानाला स्मरून चेहरा पाडला. त्यांनी विचारलं, "किती आहेत जवळ?" मी पडद्याचे पैसे दाखवले. "द्या," ते म्हणाले, आणि पावती करायला घेतली. पावतीवर त्यांनी लिहिलं: 'जुने लाकडी कपाट, नग एक, जसे आहे तसे.' इतक्या लवकर मी आयुष्यात काहीही विकत घेतलेलं नाही. लग्न ठरवतानासुद्धा आम्ही दोनदा भेटलो होतो.

चार हमाल आणि त्यांचा मुकादम आला. कपाट जमिनीवरून चार बोटं उचललं गेलं, तशी मी चपळाईने उजवा पाय नाण्यावर ठेवला. इथवर सगळं पोस्टमास्तरांना शोभेल असं चाललं होतं.

"साहेब, पाय काढा," मुकादम म्हणाला.

"असू द्या," मी म्हणालो.

"असू द्या कसं? पकड बदलायची आहे, खाली ठेवावं लागेल."

मी पाय काढला असता तर नाणं पाच माणसांसमोर उघडं पडलं असतं. मी काढला नाही. त्यांनी कपाट खाली ठेवलं. अंगठ्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. डॉक्टरांनी नंतर 'कशाने झालं' या रकान्यात 'कपाट' असं लिहिलं आणि वर बघून विचारलं, "पाय खाली होता हे माहीत होतं?" मी म्हणालो, "हो." त्यांनी तेही लिहिलं. मात्र हमालांनी पुन्हा उचललं तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकलो आणि घोडा मोज्यात टाकला. नाडी नसलेल्या बुटाची नाडी मी बराच वेळ बांधत होतो, हे दुकानदारांनी पाहिलं असावं. पण त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

गाडी आमच्या इमारतीपाशी आली तेव्हा दारातच सेक्रेटरी उभे होते. आमचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहतात, शरीराने भारदस्त आहेत आणि इमारतीच्या नियमांची वही त्यांच्या उशाखाली असते असं म्हणतात.

"मोठं सामान परवानगीशिवाय जिन्यातून न्यायचं नाही," ते म्हणाले. "अर्ज द्या."

"द्या अर्ज. भरतो."

त्यांनी अर्ज आणला. त्यावर मथळा होता: 'सामान हलवण्याची परवानगी (घर सोडून जाणाऱ्यांसाठी).'

"मी घर सोडत नाहीये," मी म्हणालो.

"सामान हलवायचा एवढा एकच अर्ज आहे. आणायचा अर्ज नाही. लोक आणतात ते लहान असतं, किंवा ते विचारत नाहीत."

खाली गाडीचं भाडं तासावर चढत होतं आणि माझा अंगठा बुटात मावेनासा झाला होता. मी अर्ज भरला. 'घर सोडण्याचे कारण' या रकान्यात मी 'कपाट' लिहिलं. हेच उत्तर पुढे डॉक्टरांकडेही द्यायचं होतं.

त्या सहीचे परिणाम सोमवारपासून दिसू लागले. दूधवाल्याने शेवटचा हिशेब आणून दिला. वर्तमानपत्र बंद झालं. संध्याकाळी बायको कामावरून परतली तर घरात एक तरुण जोडपं स्वयंपाकघराची लांबी पावलांनी मोजत होतं आणि मी पाय बादलीत सोडून त्यांना पाण्याचा दाब समजावत होतो. मला वाटलं होतं, ते नळदुरुस्तीचे लोक आहेत. ती मुलगी बायकोला म्हणाली, "घर छान आहे, काकू. फक्त पडदे हवे होते."

पण ते नंतरचं. शनिवारी आधी कपाट वर न्यायचं होतं. आमचा दुसरा मजला. पहिल्या मजल्यावर निवृत्त इंजिनियर काका राहतात. ते मोजपट्टी घेऊन बाहेर आले, जिना मोजला, कपाट मोजलं, वहीत आकडेमोड केली आणि म्हणाले, "सदतीस अंशांत तिरकं करा. बसतं."

मुकादम म्हणाला, "नाही बसत."

"तुम्ही शिकलात कुठे?" काकांनी विचारलं.

"जिन्यांत," मुकादम म्हणाला.

काका वयाने मोठे म्हणून त्यांचं ऐकलं गेलं. सदतीस अंशांत ते बसलं. इतकं घट्ट बसलं, की पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर एकदा उभं केल्यावर ते ना वर जाईना, ना खाली येईना. मुकादमाने चारी बाजूंनी हात लावून बघितला, मजुरी घेतली आणि "आता हे इथलंच" असं म्हणून माणसं घेऊन निघून गेला.

वरच्या दोन मजल्यांची माणसं वर आणि खालची खाली अडकली. माझ्या नावाने जे काही बोललं गेलं ते बहुतेक खरं असल्यामुळे मी मध्ये पडलो नाही. शेवटी वाट काढली ती इंजिनियर काकांनीच. कपाटाची दारं खालच्या बाजूला होती. वरच्या बाजूची पाठीची फळी स्क्रूंवर बसवलेली होती. काकांनी दाराकडून आत शिरून ती उखडली, आतला आडवा दांडा काढला, आणि कपाटातून जाण्यायेण्याचा रस्ता तयार झाला.

अडीच दिवस आमची इमारत कपाटातून ये-जा करत होती. माणसाला कशाचीही सवय होते. रविवारी दुपारपर्यंत 'जरा थांबा, कपाटात कोणीतरी आहे' हे वाक्य जिन्यात सहज ऐकू येऊ लागलं होतं. आमच्या शेजारच्या मावशी आत शिरताना दरवेळी दारावर टकटक करायच्या आणि बाहेर पडताना दार लावून घ्यायच्या. पोस्टमनने आतल्या खुंटीला टपाल अडकवायला सुरुवात केली. मला सगळ्यात जास्त लागलं ते मावशींचं बोलणं. त्या कोणाला तरी सांगत होत्या, "माणूस वाईट नाही हो. जाताजाता आठवण ठेवून चाललाय." म्हणजे आम्ही घर सोडून जातोय, हे त्यांच्यापर्यंतही पोचलं होतं.

सोमवारी संध्याकाळी सेक्रेटरी कामावरून आले. कपाटात शिरताना त्यांनी डोकं वाकवलं, पण निघताना वेळेआधी वर केलं. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. जिन्याचा लाकडी कठडा काढायला कमिटीची परवानगी लागते आणि कमिटी महिन्यातून एकदा भरते, असं ते शनिवारपासून सांगत होते. ती परवानगी दहा मिनिटांत मिळाली. सुतार आला, कठडा निघाला, कपाट मोकळं झालं आणि आमच्या घरात आलं. झोपायच्या खोलीच्या दारातून ते जात नाही, म्हणून पुढच्या खोलीत दारामागे उभं आहे. दार आता अर्धंच उघडतं. येणारा माणूस तिरका होऊन येतो. सेक्रेटरी तिरके झाले तरी तेवढेच असल्यामुळे तेव्हापासून आमच्याकडे आलेले नाहीत.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. पडद्यांच्या बदल्यात कपाट का आलं, हे तिने दोन दिवस विचारलं नव्हतं. आधी माझा अंगठा बघावा, मग डोकं, असा तिचा क्रम असावा. मी मोज्यात ठेवलेला घोडा काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि मंडळाच्या किंमतपुस्तकातलं पान उघडून दाखवलं. तिने नाणं दिव्याखाली धरलं, बराच वेळ बघितलं.

"शेपूट नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि पुस्तकातली ही किंमत आहे?"

"हो."

तिने पुस्तक मिटलं. "कपाटाची पावती कुठे आहे?"

मी दिली. तिने वाचली. "यात नाणं कुठे आहे?"

"'जसे आहे तसे' लिहिलंय," मी म्हणालो. "कपाट होतं तसं म्हणजे नाण्यावर उभं."

"मग खालची फरशीही आणायची होतीत."

एवढं बोलून ती बादलीतलं पाणी बदलायला गेली. भांडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ही गोष्ट तिने 'नाही' या रकान्यात लिहून टाकली होती, आणि तिच्या कामात एकदा लिहिलेलं खोडत नाहीत.

पुढच्या रविवारी मी लंगडत मंडळात गेलो आणि घोडा टेबलावर ठेवला. पोस्टमास्तरांनी भिंग काढलं. त्यांनी पाहिलं, दंतवैद्यांनी पाहिलं, औषधवाल्यांनी दोनदा पाहिलं. मग खोलीत जी शांतता पसरली, तिची मी अकरा वर्षं वाट पाहत होतो.

"कितीला पडलं?" पोस्टमास्तरांनी हळू आवाजात विचारलं.

मी घडलं तसं सांगितलं. कपाट, हमाल, गाडी, सुतार, कठडा, डॉक्टर. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की ही बेरीज पुस्तकातल्या किमतीच्या फार मागे नाही. पण पोस्टमास्तरांनी हात वर केला. "कपाट धरायचं नाही," ते म्हणाले. "कपाट हा प्रवासखर्च. नाण्याला तुम्ही काय दिलं?"

"काही नाही."

"म्हणजे फुकट."

टाळ्या पडल्या. चहा आला, तो पहिला मला दिला गेला. दंतवैद्यांनी माझ्या खांद्यावर पुन्हा हात ठेवला. या वेळी त्याचं वजन वेगळं होतं. मंडळाच्या इतिहासातला सगळ्यात स्वस्त सौदा म्हणून तो जाहीर झाला. मी हसत बसलो होतो. फक्त 'फुकट' हा शब्द कोणी उच्चारला की मला पावतीच आठवायची. असा मान मिळत असताना माणसाने एका कागदाचा विचार करत बसावं, याचा मला राग आला, बायकोचाही आला. घरी जाऊन मी तिच्याशी तुटक बोललो. ते तिच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी कार्यालयातून अर्धी रजा काढून मी जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार त्याच वर्षाचं, पण पुढच्या महिन्याचं वर्तमानपत्र वाचत होते.

"कपाट परत घेत नाही," मला पाहताच ते म्हणाले.

"कपाटाबद्दल नाही," मी म्हणालो आणि नाणं काउंटरवर ठेवलं. "हे त्याच्या पायाखाली होतं. मी न विचारता नेलं."

"तो घोडा? तो मीच सरकवला होता. जमीन वाकडी आहे."

मी किंमतपुस्तक उघडलं. घोड्याच्या पानावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"म्हणून पाय ठेवला होतात."

"हो."

"मला वाटलं, माणूस हट्टी आहे." त्यांनी पुस्तक मिटलं. "तुम्ही आला नसतात तर मला कळलं नसतं."

"नाही."

"मग आलात का?"

"बायकोने विचारलं, पावतीत आहे का."

त्यांनी यावर विचार केला. "पावतीत नाही," ते म्हणाले. "त्यांचं बरोबर आहे." मग ते उठले आणि आतून बिस्किटांचे तीन मोठे पत्र्याचे डबे घेऊन आले. तिन्ही नाण्यांनी भरलेले होते. "घरं रिकामी होतात तिथून हे येतं. मला यातलं कळत नाही. सगळ्यांना एकच भाव लावतो. लोक येतात, मूठ घालतात, दोन-चार निवडून नेतात आणि जाताना फार खूश दिसतात. एवढे खूश का दिसतात, ते मला आजवर समजत नव्हतं."

त्या खूश माणसांपैकी निदान तिघांची नावं मी सांगू शकलो असतो. मी डब्यांकडे बघत राहिलो.

"असं करू," ते म्हणाले. "यातल्या एकेकाची खरी किंमत मला लिहून द्या. पुस्तक तुमच्याकडे आहे. घोडा तुम्हाला दिला."

सहा शनिवार मी त्या दुकानात एका स्टुलावर बसलो. प्रत्येक नाणं कागदाच्या लहान पाकिटात घालायचं आणि वर नाव, साल, किंमत लिहायची. आमच्या कार्यालयात फायलींवर नावं घालायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे अक्षर माझं ठसठशीत आणि एकसारखं आहे. बरीचशी नाणी साधी होती. पण तिसऱ्या शनिवारी दुसऱ्या डब्याच्या तळाशी चौकोनी पितळी घुबड निघालं. ते मला कित्येक वर्षं हवं होतं. दुकानदार दाराशी पाठमोरे बसून वाचत होते. मी जी किंमत लिहीन ती त्यांना खरी वाटणार होती, आणि ती देऊन मी ते तिथल्या तिथे घेऊ शकलो असतो. पावतीसकट.

मी एक आकडा लिहिला. दोन शून्यं कमी असलेला. पाकिटाकडे बघत बसलो. अक्षर फार सुंदर आलं होतं.

मग ते पाकीट मी फाडलं आणि दुसऱ्यावर खरी किंमत लिहिली. हे मी सचोटीपोटी केलं असं सांगायला मला आवडलं असतं. पण घरी जाऊन पावती दाखवावी लागली असती, आणि तिने ती वाचली असती. खऱ्या किमतीला घुबड घ्यायची माझी ऐपत नव्हती, कारण त्याच महिन्यात आम्ही पडदे घेतले.

सहावा शनिवार संपला. दुकानदारांनी तिन्ही डबे काचेच्या कपाटात मांडले, मला चहा दिला आणि घोडा एका पाकिटात घालून वर स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'पावती झाली.'

पुढे जे होणार होतं ते मला आधी सुचायला हवं होतं. माझ्या सौद्याची गोष्ट मंडळात इतक्या वेळा सांगितली गेली, की एकेक जण हळूच त्या दुकानाच्या वाटेला लागला. दंतवैद्य गेले. औषधवाले दुकान बंद ठेवून गेले. आणि काचेमागे त्यांना तीन डबे भरून पाकिटं दिसली, एकूणएक नाण्याची बाजारातली नेमकी किंमत वर लिहिलेली.

त्या महिन्याच्या बैठकीत पोस्टमास्तर उभे राहिले. इतकं दुखावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "शहरातलं एक चांगलं दुकान नासवलं गेलंय," ते म्हणाले. "कोणीतरी तिथे बसून सगळ्या किमती लिहिल्यात. आणि बरोबर लिहिल्यात. चुकीच्या असत्या तर निदान दोन-चार सुटल्या असत्या." औषधवाले म्हणाले, हे काम ज्याने केलं तो संग्राहक असूच शकत नाही. दंतवैद्यांनी निषेधाचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. मी हात वर केला तेव्हा सगळ्यांचे वर होते.

मंडळाचं इतिवृत्त मी लिहितो. मी वही पुढे ओढली आणि लिहिलं: 'संग्रहाच्या छंदाची हानी करणाऱ्या अज्ञात व्यक्तीचा हे मंडळ तीव्र निषेध करते.' ठसठशीत, एकसारखं अक्षर. सभा उठली आणि सहीसाठी वही पोस्टमास्तरांपुढे ठेवली.

त्यांनी सही करायला पेन उघडलं आणि थांबले. खिशातून भिंग काढून त्यांनी ती ओळ वाचली. वाचायला फार वेळ लावला. 'निषेध'मधल्या 'ध'वर भिंग बराच वेळ राहिलं. खोलीत आम्ही दोघंच उरलो होतो. मी खुर्च्या नीट लावू लागलो.

"ते चौकोनी घुबड," ते वहीतून वर न बघता म्हणाले. "दुसऱ्या डब्यातलं. किंमत जरा जास्त लिहिली गेलीय असं नाही वाटत?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली, सही केली, भिंग रुमालात गुंडाळलं आणि निघून गेले.

त्यानंतरच्या शनिवारी मी दुकानावरून जात होतो, तेव्हा दुकानदारांनी हाक मारली. "तुमचे ते भिंगवाले येऊन गेले," ते म्हणाले. "घुबड घेऊन गेले. लिहिली होती तेवढ्याला. भाव केला नाही. पावती देत होतो, तर नको म्हणाले."

पुढच्या महिन्याच्या बैठकीत पोस्टमास्तरांनी रुमाल उलगडला आणि घुबड टेबलावर ठेवलं. मंडळी पुढे सरसावली.

"कितीला पडलं?" दंतवैद्यांनी विचारलं.

"एका ओळखीच्यांकडे गेलो होतो," पोस्टमास्तर सावकाश सांगू लागले. "त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला हे लटकत होतं. मी याच्याकडे पाहिलंच नाही. कुत्र्याचं कौतुक करत बसलो. निघताना ते आपणहून म्हणाले, हे बिचाऱ्याला टोचतं, घेऊन जा."

"म्हणजे फुकट," औषधवाले म्हणाले.

"फुकट," पोस्टमास्तर म्हणाले.

टाळ्या पडल्या, चहा आला. मी वही उघडली, तारीख घातली आणि लिहून घेतलं: 'अध्यक्षांना चौकोनी पितळी घुबड विनामूल्य प्राप्त झाले. मंडळाने त्यांचे अभिनंदन केले.' त्यांनी या वेळी भिंग न काढता सही केली.